मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग: दुभाजकाने काय वेगळं केलं आणि काय तसंच राहिलं

खडीसम्राट (धागाकर्ता)

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या धाग्यावर अवांतर फार झालं, म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त द्रुतगती मार्ग: तो कसा झाला, मधला दुभाजक कसकसा बदलला आणि मावळ-खालापुरातल्या गावांवर काय परिणाम झाला. "आम्ही दीड तासात पोचलो" छापाचे प्रतिसाद कृपया दुसरीकडे द्या.

आधी कुंडली. १९९० च्या सुमारास राइट्स ही केंद्र सरकारची सल्लागार कंपनी आणि स्कॉट विल्सन कर्कपॅट्रिक ही ब्रिटिश सल्लागार कंपनी यांच्याकडून अभ्यास झाला. राइट्सच्या १९९४ च्या अहवालात खर्चाचा अंदाज ११४६ कोटी रुपये होता. १९९६ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळ (एमएसआरडीसी) स्थापन झालं आणि मार्च १९९७ मध्ये ३० वर्षं टोल वसुलीच्या परवानगीसह हा प्रकल्प त्यांच्याकडे आला. पर्यावरण मंजुरी ऑक्टोबर १९९७, वनखात्याची नोव्हेंबर १९९७, डिसेंबरात निविदा, आणि जानेवारी १९९८ मध्ये काम सुरू. २००० पासून तुकड्यातुकड्याने रस्ता खुला होत गेला आणि २००२ मध्ये पूर्ण झाला. कळंबोली ते किवळे, ९४.५ किलोमीटर, जाण्याचे तीन आणि येण्याचे तीन पदर, भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेतचे दोन असे बोगदे. २००९ मध्ये यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं गेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. समोरासमोरची वाहतूक वेगळी करायची, हा या रस्त्याचा सगळा डाव. माळावर तो साधला, पण नुसता मातीचा पट्टा ठेवून भागेल असं धरून चाललो आणि त्याची किंमत मोजली. घाटात द्रुतगती आणि जुना महामार्ग वेगळे केलेच नाहीत. आणि गावांच्या बाबतीत जिथे जोडून ठेवायला हवं होतं तिथे मात्र सरळ काप घातला.

रानमेवा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका: "भारतातला पहिला द्रुतगती मार्ग" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण दुभाजक असलेले रस्ते मुंबईत आधीपासून होते ना? पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग?

खडीसम्राट

रास्त शंका. दुभाजक आधीही होते. इथे नवीन होतं ते प्रवेशाचं नियंत्रण. मुंबईतल्या त्या दोन महामार्गांवर रिक्षा, दुचाकी, बसथांबे, सगळं आहे. द्रुतगतीवर ठरावीक ठिकाणीच चढायचं-उतरायचं, सिग्नल नाही, चौक नाही, दुचाकी-तीनचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, पादचारी कोणालाही परवानगी नाही. "दोन शहरांमधला, सहापदरी, नियंत्रित प्रवेशाचा पहिला मार्ग" असं म्हटलं की वाद मिटतो.

पैसा_झाला_खोटा

पैशाचाही इतिहास लिहा की. युती सरकारात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. खाजगी निविदा ३६०० कोटींची आली, ती नाकारली आणि महामंडळाने रोखे काढून साधारण १६०० कोटींत काम केलं, हे ते स्वतः अनेक भाषणांत सांगतात. पुढे २००४ मध्ये टोलवसुली १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन कंत्राटदाराला दिली. ती मुदत ऑगस्ट २०१९ ला संपली. लोकांना वाटलं, आता टोल बंद. पण २०२० मध्ये पुन्हा १० वर्षांचा करार झाला, तोही ८२६२ कोटींचा.

टोल वर्षाला ६ टक्के या हिशेबाने, पण दर ३ वर्षांनी एकदम १८ टक्के वाढत गेला. कारचा दर २०१७ ला २३०, २०२० ला २७०, २०२३ ला ३२०. गुणाकार करून जवळच्या दहाच्या आकड्यात आणून बघा, बरोब्बर बसतो. टोलच्या हिशेबाचा वाद वेगळ्या धाग्याचा विषय आहे, तिथे भांडू.

दुभाजक_दर्शन

मूळ मुद्द्यावर येतो. सुरुवातीला माळावरच्या पट्ट्यात मध्ये माती, गवत आणि कण्हेर-बोगनवेलीची झाडं होती. कण्हेर लावण्यामागे कारण आहे: ती सदाहरित, कमी पाण्यावर जगते, गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि माणसाच्या उंचीइतकी दाट वाढते. त्यामुळे समोरच्या गाडीच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर येत नाही. प्रकाश अडवायचं काम ती चोख करते. गाडी अडवायचं काम झुडूप करू शकत नाही, हे उघड आहे.

ताशी १०० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण २८ मीटर जाते. टायर फुटला किंवा डुलकी लागली की दुभाजक ओलांडून पलीकडच्या पदरात जायला एखादा सेकंद पुरतो. पलीकडचा चालकही त्याच वेगात समोरून येत असतो. डिसेंबर २०१२ मध्ये अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले तो अपघात याच जातीचा: समोरच्या बाजूचा टेंपो दुभाजक ओलांडून आला. त्यानंतर "मध्ये अडथळा हवाच" ही मागणी जोर धरू लागली आणि पुढच्या काही वर्षांत तारदोरांचे अडथळे टप्प्याटप्प्याने बसले.

अडथळ्याचे प्रकार तीन, आणि प्रत्येकाची जागा वेगळी.

तारदोर: पोलादी खांबांवर ताणलेले चार दोर. गाडी आदळली की खांब वाकतात, दोर गाडीला धरून हळूहळू परत आपल्या बाजूला वळवतात. माणूस वाचायला सर्वांत चांगला प्रकार, कारण धक्का लांबवला जातो. पण दोर एक-दोन मीटर बाहेर झुकतात, म्हणून मागे तेवढी मोकळी जागा लागते. अरुंद दुभाजकात लावले तर वाकलेला दोर गाडीसकट पलीकडच्या पदरात जातो. दुसरं म्हणजे ताण. उन्हात दोर सैल होतो, थंडीत आवळतो, म्हणून ताणमापकाने वेळोवेळी तपासून आवळावा लागतो. एका धडकेत पाच-सहा खांब आडवे झाले आणि ते महिनाभर तसेच राहिले, तर तेवढ्या लांबीत दोर नुसता शोभेचा.

डब्ल्यू आकाराचा पत्रा: खांब साधारण दोन मीटरवर. इथे सर्वांत जास्त चूक जोडणीत होते. एका पत्र्यावर दुसरा चढवताना वाहतुकीच्या दिशेचा विचार करायचा असतो: गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूचा पत्रा वर, पुढचा खाली. उलटं केलं तर पत्र्याची कड भाल्यासारखी गाडीत घुसते. सुरुवातीचं टोकही तसंच धोक्याचं. ते रस्त्यापासून बाजूला वळवून मातीत पुरायचं किंवा धक्का शोषणारं टोक बसवायचं. उघडं सोडायचं नाही.

काँक्रीटची भिंत: घाटात आणि पुलांवर. खालचा उतार असा असतो की कमी कोनात आलेल्या गाडीचं चाक थोडं वर चढतं आणि गाडी परत आपल्या पदरात येते. ट्रकसाठी हीच खरी. मात्र डांबराचा थर वर चढत गेला की भिंतीची उंची कमी होते आणि चाक चढण्याऐवजी गाडी भिंतीवर उलटते. म्हणून नवा थर टाकताना जुना खरवडणं अनिवार्य आहे.

साखरंबा

फार छान माहिती. झाडांना पाणी घालणारे टँकर उजव्या पदरात उभे असतात ते मात्र बघवत नाही.

दुभाजक_दर्शन

@साखरंबा, अगदी. सर्वांत वेगवान पदरात सर्वांत संथ वाहन उभं. दुभाजकातल्या झाडांसाठी ठिबक नळी टाकली की हा प्रश्नच राहत नाही. टँकर लागलाच, तर त्यामागे शंभर मीटरवर बाण दाखवणारी दिव्यांची गाडी, मागच्या बाजूला धक्का शोषणारी गादी आणि त्याआधी शंकूंची तिरकी रांग. नुसतं लाल फडकं दाखवणारा माणूस उभा करणं म्हणजे एका धोक्याऐवजी दोन.

पाणी_कुठे_मुरतं

दुभाजकाचा एक उपद्रव कोणी लिहीत नाही. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो. दोन्ही बाजू एकाच दिशेला कलतात, त्यामुळे वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या तीन पदरांचं सगळं पाणी दुभाजकाकडे वाहत येतं. तिथे गटार आणि ठरावीक अंतरावर जाळीच्या चेंबरमधून खाली मोरी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर गवत, प्लास्टिक, कण्हेरीची पानं यांनी जाळी बुजली की पाणी उजव्या पदरात पसरतं. काही मिलिमीटरचा थर पुरतो: चाकाखालून पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा. झिजलेल्या टायरवर हे कमी वेगातही होतं.

काँक्रीटच्या भिंतीतही खालच्या कडेला पाण्याला वाट हवी. भोकं ठेवली नाहीत तर भिंत म्हणजे बंधाराच.

मापात_बोला

काँक्रीट आलंच आहे तर "काँक्रीट रस्त्यामुळे टायर फुटतात" हा समज इथे निकालात काढू.

टायर फुटायचं मुख्य कारण कमी हवा. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, आणि तासभर एकसारख्या वेगाने चाललं की आतले थर सुटतात. गावातल्या रस्त्यावर दर पाच मिनिटांनी थांबत असल्यामुळे तोच टायर टिकतो. त्यामुळे दोष द्रुतगतीच्या माथी जातो. वर टोचलेले, शिवलेले, रबर चढवलेले टायर, आणि पाच जणांच्या गाडीत सात माणसं आणि टपावर सामान.

निघायच्या आधी काय बघायचं ते सांगतो. हवा टायर थंड असताना मोजायची, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघायचा. घाट चढून आल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही, तो उष्णतेने वाढलेला असतो. टायरच्या बाजूवर चौकटीत चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी या रस्त्यावर आणू नये. आणि स्टेपनीचीही तारीख बघा, ती बहुतेक वेळा गाडीइतकीच म्हातारी असते. नायट्रोजन भरा की साधी हवा, दाब बरोबर असणं महत्त्वाचं.

आगगाडी

+१. काँक्रीटवर गाडी "टक टक" का वाजते?

खडीसम्राट

सांध्यांमुळे. खालून वर असं बघा: मुरूम-खडीचा निचऱ्याचा थर, त्यावर कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट साधारण १५० मिमी, त्यावर प्लास्टिकचा कागद, म्हणजे वरची लादी खालच्या थराला चिकटत नाही, आणि मग मुख्य काँक्रीट, एम-४० दर्जाचं. काँक्रीट आक्रसणारच. म्हणून साडेचार-पाच मीटरवर आपण स्वतःच खाच पाडून सांगतो, तडा इथे जाऊ दे. ही खाच लादीच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी खोल, आणि ओतल्यापासून काही तासांत पाडावी लागते. लवकर पाडली तर कडा तुटतात, उशीर झाला तर तडा आपल्या मर्जीने जातो. एप्रिल-मेच्या उन्हात ही वेळ फार थोडी असते, रात्रपाळीत कटर चालवणारा झोपला की सकाळी तडा तयार.

सांध्यात गुळगुळीत गोल सळ्या असतात, एका लादीवरचं वजन दुसरीवर सरकवायला. त्यांची अर्धी बाजू प्लास्टिकच्या नळीत, म्हणजे लादीला सरकता येतं. सळी तिरकी बसली तर सांधा जाम होतो आणि लादीच्या मधोमध तडा जातो. लांबीच्या सांध्यात उलट, तिथे पिळाच्या सळ्या, दोन पदरांना घट्ट धरून ठेवायला.

टक टक आवाज सुरू झाला म्हणजे सांध्यातलं रबरी भरण गेलं, पाणी आत शिरलं, अवजड चाकं जाताना ते पाणी बारीक माती घेऊन बाहेर फेकलं गेलं आणि एका लादीची कड खाली बसली. त्यावर डांबर ओतून भागत नाही. पूर्ण खोलीपर्यंत चौकोन कापायचा, तुकडा उचलून काढायचा, शेजारच्या लादीत भोकं पाडून इपॉक्सीने सळ्या बसवायच्या आणि लवकर घट्ट होणारं काँक्रीट भरायचं.

बोरघाटी

घाटाविषयी मीच लिहितो, नाहीतर कोणीतरी नुसतं "सरकारने काय केलं" म्हणेल.

बोरघाटाचा पहिला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना. घाटाची वाट इंग्रजांना धनगर शिंग्रोबाने दाखवली अशी आख्यायिका आहे आणि त्याचं देऊळ जुन्या घाटरस्त्यावर आहे. ट्रकवाले तिथे अजून नाणं टाकतात.

द्रुतगती करताना घाटात पूर्ण वेगळी आखणी खर्चाची होती, शिवाय वनजमीन. म्हणून आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगतीचे सहा आणि जुन्या महामार्गाचे चार पदर एकत्र आणून सहा पदरांत कोंबले. दहाचं पाणी सहाच्या नळीतून. त्यात चढ, त्यात वळण. शनिवारी सकाळची कोंडी इथून सुरू होते, टोलनाक्यावरून नाही. ज्या दुचाकींना द्रुतगतीवर बंदी आहे, त्यांनाही खोपोलीहून वर यायचं तर या सामाईक तुकड्यातून जावंच लागतं. नियम एक, भूगोल दुसरा.

अमृतांजन पूलही याच भागात होता. शेजारच्या जाहिरातीच्या फलकावरून पडलेलं नाव, पूल मात्र ब्रिटिशांच्या वेळचा. त्याचे दगडी खांब रस्त्याच्या मध्ये आल्याने पदर अरुंद आणि वळण तीव्र झालं होतं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा मिळाला, तेव्हा सुरुंग लावून पाडला. वारसा गेला म्हणून हळहळणारे लोक होते, मीही त्यांतलाच, पण खांब मधोमध ठेवून तिथे सुरक्षित रस्ता देणं शक्य नव्हतं.

बेसाल्ट

दरडींचं गणित वेगळं लिहावं लागेल. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. प्रत्येक थरात उभ्या भेगा, आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा मऊ पट्टा. पाऊस वरून उभ्या भेगांत शिरतो, लाल पट्ट्यावर अडतो, पट्टा फुगतो आणि धुपतो. वरचा कठीण दगड आधाराविना लोंबकळतो आणि एके दिवशी चौकोनी ठोकळा सुटून येतो. रस्त्यासाठी उभा काप घेतला आणि सुरुंगाने भेगा सैल केल्या, की हे लवकर होतं. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड येऊन माणसं गेली, त्यानंतर कामाला वेग आला.

उपायांचा क्रम महत्त्वाचा. आधी दोराला लटकून माणसं सैल दगड पहारीने पाडतात, त्यासाठी वाहतूक ठरावीक वेळ बंद. मग दगडात भोक पाडून पोलादी बोल्ट आणि सिमेंटचा घोळ. मग दुपदरी जाळी, वर आणि खाली दोरांनी बांधलेली. जाळीचं काम दगड रोखायचं नाही, त्याला रस्त्यावर उडी मारू न देता पायथ्याशी उतरवायचं. त्यामुळे पायथ्याला चर ठेवायचा आणि दर पावसाळ्यानंतर तो रिकामा करायचा. भरलेल्या चरावर पडलेला दगड उसळून थेट तिसऱ्या पदरात येतो. काँक्रीटचा फवारा मारायचा असेल तर आधी पाण्यासाठी तिरकी भोकं. नाहीतर पाणी मागे साठून सगळं पापुद्र्यासारखं सुटतं.

डिझेल_आणि_दम

आता उतार. मुंबईकडे उतरताना ट्रकचे "ब्रेक फेल" झाले असं बातमीत येतं, पण बहुतेक वेळा ब्रेक तापून निकामी झालेले असतात. हवेचा ब्रेक असा बनवलेला असतो की हवा गळाली तर स्प्रिंगने आपोआप लागतो. तापलेल्या ड्रमचं मात्र तसं नाही: ड्रम फुगतो, लायनरची पकड जाते, पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही.

मूळ कारण डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी. नियम जुना आणि साधा: ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरायचं. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा, मध्ये नाही, कारण भरलेल्या गाडीचा गिअर मध्येच सुटला तर पुन्हा पडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा) सुरू ठेवायचा. पाय ब्रेकवर ठेवून रेंगाळायचं नाही: वेग वाढला की एकदा ठाम दाबून उतरवायचा, सोडायचा, ड्रमला हवा लागू द्यायची. जळका वास आला तर डाव्या बाजूला थांबायचं, चाकाला दगड लावायचा, तासभर बसायचं. ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतो.

कारवाल्यांनीही "डी" मध्ये सोडून उतरू नये, हे वेगळं सांगायला नको. घाटात कारला ६० ची मर्यादा आहे, माळावर १००.

मावळचा_आंबेमोहोर

इतका वेळ रस्त्याविषयी चाललंय, थोडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्यांविषयी.

मावळात जमिनीचे तुकडे आधीच लहान. रस्ता भरावावरून गेला की एकाच खातेदाराचं घर एका बाजूला आणि खाचरं दुसऱ्या बाजूला. त्या काळी संपादन १८९४ च्या कायद्याने चालायचं. त्यात बाजारभाव, त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, आणि शिवाय "जमीन तुटल्यामुळे उरलेल्या भागाचं नुकसान" हा वेगळा हक्क होता. तो मागावा लागायचा. बहुतेकांनी मागितला नाही, कारण माहीत नव्हता. निवाडा मान्य नसेल तर रक्कम "हरकत राखून" उचलायची आणि कलम १८ खाली मुदतीत अर्ज द्यायचा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. सही करताना "हरकत राखून" लिहिलं नाही की दार बंद. शेजाऱ्याला कोर्टाने जास्त दर दिला तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांना कलम २८-अ खाली तीन महिन्यांत अर्ज करून तो दर मागता यायचा. ज्या गावात एखादा जाणता माणूस होता त्या गावाला हे जमलं, बाकीच्यांनी आलेला चेक घेतला.

२०१४ पासून कायदा नवा आहे, पण पुढच्या रिंगरोडवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा: मोजणीच्या दिवशी हजर राहा, विहीर, पाइपलाइन, बांधावरची झाडं, गोठा, सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. नंतर "होतं" म्हणून चालत नाही.

भुयारी वाटांचं तर विचारू नका. भराव कमी उंचीचा ठेवून पैसे वाचवायचे, म्हणून वाटेचा तळ आजूबाजूच्या खाचरापेक्षा खाली खणतात. मावळात पाऊस किती, सगळ्यांना माहीत आहे. जूनपासून तिथे गुडघाभर पाणी. तळाला उतार देऊन पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं गटार वेगळं बांधावं लागतं आणि ओढ्याची पातळी तळापेक्षा खाली असावी लागते. ती नसेल तर गटार बांधूनही उपयोग नाही, ओढ्याचं पाणी उलटं आत येतं. आणि गुरांपुरत्या ठेवलेल्या मोरीतून पेंढ्याचा टेंपो जात नाही. मग पुढच्या पुलापर्यंत वळसा, नाहीतर कुंपण तोडून रस्त्यावरून. कुंपण तोडणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे.

रानमेवा

पवना जलवाहिनीचं आंदोलनही याच रस्त्यावर झालं ना?

मावळचा_आंबेमोहोर

हो. ९ ऑगस्ट २०११, बऊर. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी न्यायला विरोध म्हणून शेतकऱ्यांनी द्रुतगती अडवला, पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. मागणीचा रस्त्याशी संबंध नव्हता. पण गावाच्या मधून जाणारी आणि गावाला न थांबणारी ही एकच गोष्ट अशी होती की ती अडवली तर मुंबईला कळतं.

चिक्कीवाला_नव्हे

लोणावळ्याचं काय झालं हे मात्र उलट निघालं. रस्ता बाहेरून गेल्यावर बाजार बसेल अशी भीती होती. जाता-जाता चहा घेणारं गिऱ्हाईक खरोखरच गेलं, ते फूडमॉलमध्ये थांबायला लागलं. पण मुंबई-पुणे दोन्हीकडून वाट सोपी झाल्याने मुद्दाम येणारं गिऱ्हाईक वाढलं, आणि आता पावसाळी शनिवार-रविवारी गाव स्वतःच्या रस्त्यावर निघू शकत नाही. खोपोलीला हा लाभ कमी मिळाला. तिथे कोणी मुद्दाम जात नाही, वाटेवर होतं म्हणून थांबायचे. जुन्या रस्त्याच्या धाब्यांना, पंक्चरवाल्यांना, वडेवाल्यांना सर्वांत मोठा फटका पहिल्या काही वर्षांत बसला. जे टिकले ते ट्रकवर आणि दुचाकीवर.

तळेगाव, सोमाटणे, गहुंजे, पनवेलच्या पट्ट्यात जमिनीचे भाव कुठे गेले ते लिहायला नको. मौज अशी की जे स्थानिक द्रुतगती वापरत नव्हते तेही जुन्या महामार्गावर टोल भरत होते. सोमाटणे नाक्याविरुद्ध तळेगावकर उगाच रस्त्यावर उतरले नाहीत.

दुभाजक_दर्शन

अपघातांचे आकडे राहिले होते. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ मृत्यू. त्या वर्षापासून रस्ते-सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने महामंडळ आणि महामार्ग पोलिसांसोबत शून्य-मृत्यू प्रकल्प सुरू केला. २०१९ मध्ये आकडा ९२ वर आला, २०२० मध्ये ६६, अर्थात त्या वर्षी टाळेबंदी होती. केलेली कामं बघितली तर मोठं काही नाही: पुलाच्या उघड्या खांबांपुढे पत्रे, कडेला पडून राहिलेले काँक्रीटचे ठोकळे उचलणं, पत्र्याची उघडी टोकं झाकणं, कडेला थांबलेले ट्रक हटवणं. थांबलेला ट्रक हा मोठा मारेकरी. बंद पडलात तर दिवे लुकलुकते ठेवा, त्रिकोण निदान ५० मीटर मागे, आणि सगळ्यांनी गाडीतून उतरून पत्र्याच्या पलीकडे जाऊन उभं राहा. गाडीत बसून क्रेनची वाट बघू नका.

आगगाडी

आणि ते मिसिंग लिंक प्रकरण? त्याने घाटाचा प्रश्न सुटतो का?

बोरघाटी

२०१९ मध्ये काम सुरू झालं. खोपोली ते कुसगाव, १९ किलोमीटरऐवजी १३.३. दोन बोगदे, एक पावणेदोन किलोमीटरचा, दुसरा जवळजवळ ९ किलोमीटरचा, आणि मध्ये दरीवर दोरांनी तोललेला उंच पूल. १९९८ मध्ये टाळलेली वेगळी आखणी ती हीच. लांबचा प्रवासी खंडाळा-लोणावळा बाजूला ठेवून जाणार, म्हणजे सामाईक तुकड्यावरचा भार उतरणार.

पण जुना तुकडा बंद होत नाही. लोणावळ्याला जाणारे, खोपोलीचे ट्रक, दुचाकी, सगळे तिथेच राहतील. दरडींची जाळी, चर, गटारं यांची निगा तेवढीच ठेवावी लागेल. वाहतूक कमी झाली म्हणून पहिली कात्री तिथल्या देखभालीला लागू नये, एवढंच.

मापात_बोला

पदर वाढवायची चर्चा असते त्यावर एक ओळ: माळावर दोन्ही बाजूंना एकेक पदर बसवणं फारसं कठीण नाही, पण बोगदे तीन पदरांसाठीच खोदलेले आहेत. चालू बोगदा रुंद करता येत नाही, वाहतूक बंद ठेवावी लागते. म्हणजे शेजारी नवा बोगदा, आणि जुन्या-नव्यामध्ये पुरेसा दगड शिल्लक ठेवायचा. तिथे सुरुंगाऐवजी खोदयंत्र वापरणार की नाही, हा विचारायचा प्रश्न.

खडीसम्राट

@मापात_बोला, कामशेतला दोन्ही बोगद्यांच्या तोंडाशी डोंगर फार जाड नाही, तिथे नवा बोगदा खोदण्यापेक्षा वरचा दगड काढून उघडा काप परवडेल का ते बघायला हवं. @बेसाल्ट, तिथल्या लाल पट्ट्यांची जाडी आणि भेगांची दिशा यांवर तुम्ही लिहाल का? वेगळा प्रतिसाद टाका, लांब झाला तरी चालेल.